मुकादमाच्या खिशातली रांगोळी

भर सकाळी, अकरा बायांच्या देखत, जमिनीवर सांडलेल्या तेजाबावर मी माझ्या हातानं बादलीभर पाणी ओतलं.

यात एवढं काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते. तेजाब म्हणजे गंधकाम्ल. ते पाण्यात थोडं थोडं सोडायचं असतं. त्याच्यावर पाणी ओतायचं नसतं. ओतलं की ते उकळतं, तडतडतं आणि ओतणाऱ्याच्याच अंगावर येतं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. बी.एस्सी.च्या पेपरात हाच प्रश्न आला होता, आणि उत्तराखाली मी पट्टीनं दोन रेघा मारल्या होत्या. पूर्ण मार्क मिळाले होते. परभणीच्या शिवेवरच्या एका कापूस-बियाण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले, त्याला तेव्हा तिसरा महिना चालू होता.

माझ्या उजव्या पावलावर त्या सकाळचे पाच डाग आहेत. नातवंडं लहान होती तेव्हा मी ते वाघाच्या नखांचे म्हणून सांगायची. थोरली नात आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकते, तिला वाघ पटेना. मागच्या आठवड्यात आमच्या न्हाणीत फरशी घासायच्या ॲसिडची बाटली कलंडली. मी खिडकी उघडली, देवघरातली रांगोळीची वाटी आणली आणि दारातूनच चिमूट चिमूट टाकत गेले. जिथं फेस आला तिथं आणखी रांगोळी टाकली, जिथं आला नाही तिथं पाय ठेवला. नात बघत उभी. म्हणाली, आजी, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, भानामती करणाऱ्या एका माणसानं. तिनं कपाळाला हात लावला. म्हणून म्हटलं, आता सगळंच लिहून टाकावं.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळे त्यांना मुकादम म्हणायचे, मीही म्हणायची. पिंगळीहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला यायचे, तिथून पुढे सायकल. अंगानं काटकुळे, मिशी पांढरी, डोक्याला टोपी नाही, पायात मात्र भर उन्हाळ्यातही गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट. त्या बुटांत ते लग्नालाही जायचे. सदऱ्याला दोन खिसे. डाव्या खिशात सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका, उजव्या खिशात तपकिरीच्या जुन्या डबीत पांढरी रांगोळी. चौथी शिकलेले. कोकणाच्या बाजूच्या कुठल्याशा रसायनाच्या कारखान्यात बारा वर्षं काढून गावाकडे परतलेले. का परतले, हे कोणी विचारलं की म्हणायचे, "तिकडची हवा सोसली न्हाई." आम्ही समजायचो, दम्याचा त्रास असेल.

मुलाखतीच्या दिवशी मी फाटकाशी पोचले तेव्हा हे गृहस्थ मधोमध उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी डाव्या खिशातून कापसाची बट काढली, हवेत सोडली, ती कुठं जाते ते मान वळवून पाहिलं आणि मग मला म्हणाले, "बाई, आज तुमी त्या बाजूच्या दारानं या." मला वाटलं, शकुन बघतायत. बाई माणूस मोठ्या दरवाज्यातून नको, असलं काहीतरी. मी मुद्दाम मोठ्या दरवाज्यातून गेले. आत तेजाबाची टाकी भरणं चालू होतं आणि वारा सगळा वाफारा मोठ्या दरवाज्याकडे आणत होता. पूर्ण मुलाखत मी खोकतच दिली. तरी मला नोकरी लागली, कारण अर्ज एकच आला होता.

कारखान्याचं काम थोडक्यात सांगते. सरकीवर बारीक लव असते. ती असली की बी एकमेकाला चिकटतं, पेरताना सुटं पडत नाही. म्हणून सरकी तेजाबात घोळून ती लव जाळायची, मग बी पाण्यानं आणि चुन्याच्या निवळीनं धुवायचं, वाळवायचं. काळं कुळकुळीत बी तयार होतं. घोळायचं काम गड्यांचं, धुवायचं-वाळवायचं बायांचं. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेजाबाचे लोखंडी ड्रम. त्या शेडवर राज्य मुकादमाचं.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. माणूस भेटला की रामराम घालायच्या आधी विचारणार, वारा कुणीकडून हाय? लग्नात गेले की आधी मांडवाला किती वाटा आहेत ते बघून यायचे, मग कापूस उडवायचे, आणि भट्टीच्या धुराकडे पाठ होईल अशी जागा धरून बसायचे. एकदा नवरीच्या बापालाच बाजूला घेऊन विचारलं, पाण्याची टाकी कुठं हाय. बापाला वाटलं, वऱ्हाडात काहीतरी खुसपट निघालं. तो घाबरून हात जोडायला लागला. बाजारात रांगोळी घ्यायला जाताना लिंबू सोबत न्यायचे. दुकानदारासमोर चिमूटभर रांगोळी हातावर घेऊन तिच्यावर लिंबू पिळायचे. बुडबुडे आले तर घ्यायची, नाही आले तर पुढचं दुकान. कारण रांगोळी दोन जातीची असते. एक शिरगोळ्याच्या दगडाची, तिच्यावर आंबट पडलं की ती फसफसते. दुसरी नुसत्या गारगोटीची, ती ढिम्म असते. मुकादमाला फसफसणारी हवी असायची. ड्रमच्या आसपास जमीन ओली दिसली की ते लांबूनच चिमूट टाकायचे. फेस आला तर तेजाब, नाही आला तर पाणी. चुना का नाही वापरत, असं मी पुढे विचारलं. म्हणाले, "चुना विझवायला. वळखायला रांगोळी. चुना खिशात ठिवला तर माझंच काळीज भाजंल."

पण हे मी आता सांगतेय, सगळं कळल्यावर. तेव्हा मोंढ्याच्या बाजारातल्या दुकानदारांना दिसायचं ते एवढंच, की रबरी बुटातला एक म्हातारा येतो, पांढऱ्या भुकटीवर लिंबू पिळतो, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो आणि निघून जातो. आमच्या भागात यावरून काय बोललं जाईल, हे सांगायला नको. भानामती हा शब्द आमच्याकडे पोरासोरांच्याही तोंडात असतो.

त्यात बोरीची भाकरी. ती गोष्ट माझ्या आधीची, पण कारखान्यात पाऊल टाकल्यापासून मी ती दहा तोंडांनी ऐकली. मुकादम एस.टी.नं जिंतूरला चालले होते. बोरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक टँकर कलंडलेला, आणि खड्ड्यात तेलासारखं दाट काहीतरी साचत चाललेलं. आदल्या वर्षी तिथंच जवळपास गोड्या तेलाचा टँकर पडला होता म्हणे, आणि गावानं महिनाभर भजी खाल्ली होती. त्यामुळे लोक घागरी, हंडे, पातेली घेऊन रानातून पळत निघालेले. बायका, अनवाणी पोरं, सगळे. मुकादम बसमधून उतरून आडवे झाले. तेजाब हाय, म्हणाले. कोणी ऐकेना. एकजण म्हणाला, तुमची घागर कुठं लपवलीय ते सांगा आधी. तेव्हा त्यांनी बसमधल्या एका म्हातारीच्या फडक्यातली ज्वारीची भाकरी मागून घेतली, तुराटीच्या टोकाला खोचली आणि खड्ड्यात बुडवून वर काढली. पांढरीशुभ्र भाकरी लोकांच्या डोळ्यांदेखत तांबूस झाली, मग काळी, आणि कोळशासारखी तुकडे तुकडे होऊन गळून पडली. माणसं आपोआप मागं सरली. मग मुकादमांनी सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला घेतलं, फावडी मागवली आणि ओढ्याकडे जाणारी धार मातीचा बांध घालून अडवली. गुरं त्या ओढ्यावर पाणी प्यायची.

एवढं मोठं काम. पण जिंतूरहून परभणीला येईपर्यंत गोष्टीतला टँकर गळाला, ओढा गळाला, आणि उरलं काय, तर एका माणसानं नुसतं बघून भाकरी काळी केली. त्या म्हातारीनं म्हणे बस सुटेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही, भाकरीच्या बदल्यात भाकरीच पाहिजे म्हणून. शेवटी मुकादमांनी आपली शिदोरी दिली, ती तिनं गाईला घातली.

कारखान्यात त्यांनी दोन गोष्टी करून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून रोज कुरकुर व्हायची. एक म्हणजे पिंप. दगडी चौथऱ्यावर पाण्यानं भरलेलं मोठं पिंप, त्याच्या बुचाला दोरी. ओढली की धो धो पाणी. अंगावर तेजाब उडालं तर त्याखाली उभं राहायचं. रोज सकाळी आदल्या दिवशीचं पाणी सोडून नवं भरायचं. परभणीच्या एप्रिल-मेमध्ये, बाया घरी दोन घागरींसाठी उन्हात उभ्या राहत असताना, हा माणूस पिंपभर पाणी रोज सोडून देतो म्हटल्यावर त्यांचा जीव जळायचा. शेवटी तोड निघाली. जुनं पाणी बायांनी धुण्याला न्यायचं, पण लगेच नवं भरायचं, पिंप रिकामं राहता कामा नये. आणि पाण्याखाली किती वेळ उभं राहायचं? घड्याळ कोणाकडे होतं? मुकादमांनी हिशोब बसवला होता: दोनपासून तिसापर्यंत पाढे म्हणायचे, न घाई करता. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कपड्यांसकट पिंपाखाली उभं करून पाढे म्हणून घ्यायचे. ज्याला पाढे येत नाहीत त्याच्यासाठी ते स्वतः म्हणायचे. मला उभं करायला आले तेव्हा मी म्हटलं, मी पदवीधर आहे. ते म्हणाले, "बरं." आणि गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. कारखान्यात काही सांडलं, उडालं, भाजलं की ते त्या वहीत लिहायचं. ज्यानं केलं त्यानं लिहायचं. लिहिता येत नसेल तर त्यानं सांगायचं आणि मुकादमांनी लिहायचं. पण नाव लिहायचं नाही. काय केलं आणि पुढे काय झालं, एवढंच. शेठनं एकदा वही बघायला मागितली. मुकादम म्हणाले, त्यात तुमच्या कामाचं काही न्हाई, त्यात नुसत्या चुका हायत. मीही विचारलं होतं, नावाशिवाय या वहीचा उपयोग काय? ते म्हणाले, "नाव इचारलं की मानूस चूक लपवतो बाई. चूक लपली की ती दुसऱ्याच्या हातनं पुना व्हती."

मला ते अडाण्याचं तत्त्वज्ञान वाटलं. मी तेव्हा कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. मी पांढरा कोट शिवून घेतला होता. शिंप्याला सांगून खिशावर माझ्या नावाचं अक्षर काढून घेतलं होतं, निळ्या दोऱ्यानं. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालायचं नाही. कॉलेजात 'अंधश्रद्धा' या विषयावर वक्तृत्वाचा कप मिळाला होता, तो मी ऑफिसच्या टेबलावर आणून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत बायांना गोळा करून, मी बी.एस्सी. फर्स्ट क्लास आहे हे आधी सांगून, भानामतीवर व्याख्यान द्यायची. त्या डबे उघडून शांतपणे ऐकायच्या. सगळ्यांत थोरली कौसाबाई. साठीला टेकलेली, तोंडानं फटकळ, बाकी दहाजणी तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. ती व्याख्यान संपलं की म्हणायची, "झालं का बाई? तुमी जेवल्या का?"

दिवाळीत मुकादमांच्या लिंबाला घाबरून तीन बाया काम सोडून गेल्या होत्या. शेठनं तेव्हाच बजावलं होतं की तुझ्या या खेळापायी आणखी एक बाई जरी गेली तरी तू घरी. हंगामात बायांवाचून कारखाना चालत नाही. मुकादम काय, दुसरा मिळतो.

तर ती सकाळ. मी आठाला पोचले. बाया वाळवणाच्या कट्ट्याशी घोळका करून उभ्या, कामाला हात नाही. काय झालं म्हणून विचारलं. कौसाबाई हनुवटीनं शेडकडे खूण करून म्हणाली, मुकादमानं रिंगण घातलंय, जवळ जाऊ नका म्हणालेत. मी पुढे होऊन पाहिलं. शेडच्या तोंडाशी जमिनीवर तेलकट, चकाकणारं थारोळं. त्याच्याभोवती पांढऱ्या रांगोळीचं गोल रिंगण. रिंगणाच्या कडेला काठी रोवून तिला लाल चिंधी बांधलेली. आणि बाजूला कापलेलं लिंबू, दोन फाकी.

आता कुणीही सांगावं, हे काय दिसतं. मला दिसलं ते हे, की कोणीतरी तेल ओतून, रिंगण आखून, उतारा टाकलाय. एका ड्रमला बारीक छिद्र पडलं असेल, ओघळ अडवायला मुकादमांनी कडं घातलं असेल, नव्या पुड्यातली रांगोळी लिंबानं पारखली असेल, लाल चिंधी लोकांनी जवळ येऊ नये म्हणून असेल आणि ते स्वतः मागच्या बाजूला कोरडी माती अन् चुना आणायला गेले असतील, यातलं एकही माझ्या फर्स्ट क्लास डोक्यात आलं नाही. तेजाब तेलासारखंच दिसतं, हे मी पेपरात लिहिलं होतं. पण वक्तृत्वाचा कप जिंकलेली बाई समोर उतारा दिसल्यावर रसायनशास्त्र कशाला आठवते? मी बायांकडे वळून छोटंसं भाषण केलं. बघा, म्हटलं, मी हे तुमच्यासमोर पुसते आणि मला काहीही होत नाही. धुण्याच्या हौदातून बादली भरून घेतली.

कौसाबाई एवढंच म्हणाली, "बाई, नका."

मी ओतली. तापल्या तव्यावर पाणी मारल्यावर होतो तसा आवाज झाला, पण एखादा तवा नव्हे, शंभर तवे. पांढरा वाफारा उठला आणि पावलावर कोणीतरी इंगळ ओतल्यासारखं झालं. मी तिथंच खिळले. तेवढ्यात कोणीतरी मागून माझा शेपटा धरला आणि खस्सकन ओढलं. केसाला धरून परपुरुषानं ओढावं, अशा वळणाच्या घरातली मी नव्हते. त्या अवस्थेतही मी वळून थोबाडीत मारायला हात उचलला होता. मुकादम होते. त्यांनी मला तसंच ओढत पिंपाखाली नेलं आणि दोरी ओढली.

त्यांच्या डाव्या हातावरही उडालं होतं, कोपरापर्यंत. पण आधी मी. मी भिजायला लागल्याबरोबर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि स्वतःचा हात मागे करून माझ्या पायावर पडणाऱ्या धारेत धरला. एका धारेखाली माझा पाय आणि त्यांचा हात, आणि म्हातारा भिंतीशी बोलल्यासारखा बोलतोय.

"पाढे म्हना."

मी रडत रडत सुरू केले. दोन, तीन, चार. पिंप संपत आलं तसं ते उजव्या हातानं हौदातून बादल्या काढून ओतायला लागले, तरीही तोंड पलीकडे. सतराच्या पाढ्यात सातावर मी अडकले.

"सतरापासून परत."

पुन्हा अडकले. पुन्हा परत. मग मला राग आला, आणि राग आल्यावर थोडं बरं वाटलं. मी विचारलं, मघाशी पाणी ओतलं तर चुकलं म्हणता, आणि आता तुम्ही पाणीच ओतताय?

"अंगावर सांडलं तर नदी, जमिनीवर सांडलं तर माती," ते भिंतीला म्हणाले. "तुमी जमिनीवर बादली ओतली. अठरा म्हना."

तिसापर्यंत गेल्यावर त्यांनी सोडलं. कोटाच्या खालच्या अंगाची चाळण झाली होती. नावाचं निळं अक्षर मात्र शाबूत होतं.

आता बायांचं ऐका. त्यांनी काय पाहिलं? बाईनं मुकादमाचं रिंगण मोडलं आणि त्याच क्षणी जमीन उकळली. भानामतीवरची माझी सगळी व्याख्यानं एका बादलीत वाहून गेली, आणि उलट भानामती खरी असते, याचा पुरावा मी स्वतःच्या हातानं मांडला. अकराच्या अकरा बाया फाटकाबाहेर पळाल्या.

आम्ही सरकारी दवाखान्यातून मलमपट्टी करून परतलो तर शेठची जीप उभी. मुकादम आल्याबरोबर चुना टाकून जमीन विझवायला बसले, गळ्यात बांधलेला हात घेऊन. शेठनं फार आरडाओरडा केला नाही. बाया कुठं आहेत, विचारलं. मग म्हणाला की दिवाळीत सांगितलं होतं, आता उद्यापासून यायचं नाही. पाणी कोणी ओतलं, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. त्याच्या लेखी दोष लिंबाचा होता. मला वाटलं, मुकादम आता माझ्याकडे बघतील आणि सांगतील. त्यांनी फक्त हवेत कापूस सोडून पाहिला, आणि शेठला दोन पावलं डावीकडे सरकायला सांगितलं, कारण चुन्याचा वाफारा त्याच्या तोंडावर चालला होता.

मी गप्प राहिले. केमिस्ट बाईनं तेजाबावर पाणी ओतलं, हे गावात पसरलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि नोकरीला आधीच नाखूश असलेल्या माझ्या वडिलांनी महिन्याभरात माझं लग्न उरकलं असतं. म्हणून गप्प. भाजलेला पाय दुखतोय असं दाखवून मी खुर्चीत बसून राहिले.

निघताना मुकादम टेबलाशी आले आणि निळी वही ठेवली. तुमचं तुम्ही लिहा, म्हणाले. मी म्हटलं, उद्या लिहिते.

"उद्या मी न्हाई," ते म्हणाले.

मग खिडकीतून मी पाहिलं. कामावरून काढलेला माणूस एका हातानं बादल्या वाहत होता. पिंप काठोकाठ भरलं आणि मगच त्यांनी सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुना. बाया नाहीत म्हणून गड्यांनाही सुट्टी. पिंपात कालचं पाणी. ते सोडून नवं भरायला कोणी नव्हतं. मी बराच वेळ त्या पिंपाकडे बघत बसले आणि मग वही उघडली. आत वाचत जाते तर सगळ्या कारखान्याच्या चुका, आणि एकाचंही नाव नाही. पहिल्या पानावर मुकादमांच्या जाड, तुटक अक्षरात तीन ओळी होत्या. 'वायू सुटला. वारा न बघता पळालो. सोबत्यालाबी तिकडंच ये म्हणून हाक मारली. वारा तिकडंच जात होता. मी वाचलो.'

तिकडची हवा सोसली नाही, ते हे.

मी लंगडत लंगडत पिंप रिकामं केलं आणि पुन्हा भरलं. बावीस बादल्या लागल्या. मग वहीत लिहिलं आणि शेठकडे गेले. पाणी मी ओतलं, मुकादमाची काही चूक नाही, असं सरळ सांगितलं. शेठनं चहा पीत ऐकून घेतलं. म्हणाला, बाई, खरं-खोटं तुमचं तुमच्यापाशी ठेवा, मला सरकी धुवायला बाया पाहिजेत. उद्या सकाळी अकरा बाया कामावर आणा, मुकादम ठेवतो आणि तुम्हालाही ठेवतो. नाही आणल्या तर दोघंही घरी.

बायांची वस्ती कारखान्यामागेच होती. मी एका वाटीत रांगोळी आणि एक लिंबू घेऊन गेले. कौसाबाईच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. मला पाहून त्या जरा मागं सरकून बसल्या. रिंगण मोडलेली बाई, काय सांगावं. मी रांगोळीवर लिंबू पिळलं, बुडबुडे दाखवले, रिंगण कशासाठी, चिंधी कशासाठी, सगळं समजावलं. या वेळी व्याख्यान दिलं नाही, तरी त्यांचे चेहरे तसेच, जेवणाच्या सुट्टीतले. मला कळेना पुढे काय करावं. हातात वही होती, म्हणून वाचायला लागले.

'भाकरीचं फडकं ड्रमवर ठिवलं. फडक्याला भोकं पडली, भाकरी फेकली.' मागून एकजण फिस्सकन हसली. 'तहान लागली म्हणून पिंपाखालच्या डबक्यातलं पाणी पेले. दिवसभर ओकले.' आता दोघी एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या, तू गं ती, मी कशाला, तूच. 'बूट जड होतात म्हणून काढून ठिवले.' त्यावर तर सगळ्याच हसल्या, कारण ती चूक बहुतेक सगळ्यांची होती. ओट्यावर गलका झाला. मी पान उलटलं.

'चुन्याच्या हातानं डोळा चोळला. तिसाच्या पाढ्यापर्यंत पाणी मारलं, मग परत दोनपासून. डोळा वाचला.'

हसणं थांबलं. कौसाबाईनं पदरानं उजवा डोळा पुसला. हळू आवाजात म्हणाली, तो डोळा तिचा. शेठला कळलं असतं तर म्हातारीला दिसत नाही म्हणून त्याच दिवशी काढलं असतं. मुकादमानं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

मग मी पहिलं पान वाचलं. आणि शेवटी माझं, कालपर्यंत ज्याची मला लाज वाटत होती ते. 'तेजाब सांडलं होतं. मुकादमानं जवळ जाऊ नका सांगितलं होतं. मी भानामती समजून त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. माझा पाय आणि मुकादमाचा हात भाजला. सतराच्या पाढ्याला दोनदा अडकले.'

वही मिटली आणि मान खाली घालून बसले. मग कौसाबाईनं माझ्यापुढची रांगोळीची वाटी उचलून जवळ घेतली, उरलेलं लिंबू स्वतःच्या हातानं तिच्यावर पिळलं, बुडबुडे विरेपर्यंत त्या वाचलेल्या डोळ्यानं बघितले आणि म्हणाली:

"भानामती न्हवती म्हनता, बरं, न्हवती. पर बाई, काल तुमच्या अंगात आल्तं ते खरं हाय, आमी सगळ्यांनी बघितलंय. फस्ट क्लास आल्ता. जावा, शेठला सांगा, मुकादम असंल तर उद्या अकराच्या अकरा येताव, नसंल तर एकबी न्हाई. आन तुमी तेवढा सतराचा पाढा पाठ करून या."